गाडीनं हवा धरली होती

मी गाडी चालवते, दुरुस्त करत नाही. म्हणजे मार्च २०२५ पर्यंत करत नव्हते. स्टेपनी बदलणं आणि वायपरचं पाणी भरणं, इथवरच माझी मजल. पण त्या महिन्यात गाडी दोनदा तापली, एका गॅरेजवाल्यानं १८ हजारांचा आकडा सांगितला आणि शेवटी घरच्या दारात, पाठ मोडेपर्यंत वाकून, रेडिएटर मीच भरला. एकदा चुकीचा, एकदा बरोबर. ज्यांच्या गाडीच्या तापमानाचा काटा असाच विनाकारण वर जातोय त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहून ठेवते.

गाडी २०१० सालची, छोटी, पेट्रोलवरची, एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरची. मे महिन्यात तिला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती, म्हणजे आरसीचं (नोंदणीपत्राचं) नूतनीकरण समोर दिसतच होतं. ठेवायची की विकायची हा वाद घरात दिवाळीपासून चालू होता. आप्पा म्हणायचे ठेवायची, आई म्हणायची विकायची. माझं मत त्या महिन्याच्या खर्चावर ठरायचं.

२७ फेब्रुवारीला, गुरुवारी सकाळी, गाडीखाली हिरवं थारोळं दिसलं. वॉटर पंप गळत होता. शाळेच्या वाटेवरच्या एका गॅरेजात गाडी टाकली, पंप बदलला, मजुरी धरून ३,२०० रुपये झाले. संध्याकाळी घ्यायला गेले तेव्हा तिथला पोरगा नळाचा पाइप रेडिएटरच्या तोंडात धरून उभा होता. पाणी तोंडापर्यंत आलं, त्यानं झाकण लावलं, फडक्याला हात पुसले. दोन मिनिटांचं काम. तेव्हा मला त्यात काहीही खटकलं नाही. बादली भरतात तशी गाडी भरली, असंच वाटलं. बिलावर ‘कुलंट’ (इंजिन गार ठेवायचं द्रव) लिहून त्याचे पैसे लावलेले आहेत, हे मी घरी येऊन वाचलं. नळाच्या पाण्याचं बिल इतकं कधीच आलं नव्हतं.

पुढचा आठवडा दहावीच्या परीक्षेचा. सुपरव्हिजन, घर, शाळा. रोजची धाव चार-पाच किलोमीटर, तेवढ्यात गाडी नीट तापतही नाही. एकच गोष्ट नवीन होती: सकाळी गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या मागून आवाज यायचा. कुणी तांब्यानं घटाघटा पाणी पितंय असा. मला वाटलं एसीचं काहीतरी असेल. हा आवाज लक्षात ठेवा. हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून पाण्याबरोबर हवा फिरते तेव्हा तो येतो, आणि गाडी आपल्याला तेवढं एकदाच प्रेमानं सांगते.

रविवारी, ९ मार्चला, आप्पा-आईला घेऊन जोतिबाला निघाले. खेट्यांचा, म्हणजे जोतिबाच्या पायी वारीचा, रविवार. केर्लीच्या फाट्यावर वळलो तेव्हाच गर्दी दिसत होती. चालत जाणारी माणसं, गुलालानं माखलेल्या टोप्या, पुढं भरगच्च वडापची जीप आणि आम्ही त्याच्या मागं दुसऱ्या गियरमध्ये. निम्मा डोंगर चढलो असू. काटा एरवी मध्याच्या जरा खाली असतो, तो मध्यावर आला, वर गेला, एकदम खाली पडला आणि परत वर गेला. काटा असा नाचतो तेव्हा सेन्सरला कधी पाणी लागतंय आणि कधी वाफ, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

शाळेतल्या एका सरांनी कधीतरी सांगितलेलं आठवलं: गाडी तापली की एसी बंद कर आणि हीटर फुल्ल सोड, इंजिनाची उष्णता आत येते. सोडला. मार्चची दुपार, हीटर चालू, आई ओरडते आहे आणि भोकांतून येतोय गार वारा. मी हीटरला शिव्या दिल्या. खरं तर तोच सगळ्यात मोठा पुरावा होता. इंजिन उकळतंय आणि हीटर गार, म्हणजे गरम पाणी हीटरपर्यंत पोचतच नाहीये.

काटा लाल रेघेला टेकला आणि बोनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. कडेला घेतली, इंजिन बंद. मागून कुणीतरी “चांगभलं!” म्हणालं. देवाला उद्देशून की आम्हाला, कळलं नाही.

मदतीला माणसं कमी नव्हती. एकजण पाण्याची घागर घेऊन आला, “ताई, बोनेटवर मारू का पाणी?” दुसऱ्यानं खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळून झाकणाकडं हात नेलासुद्धा. आप्पांनी दोघांना थांबवलं. तापलेल्या हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, गार पाणी पडलं तर ते वाकतं किंवा तडकतं, आणि झाकणाचं प्रकरण त्याहून वाईट. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. ते दाब धरतं म्हणून आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा रबरी पाइप हातानं बिनधास्त दाबता येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, आणि लावताना जाड फडकं घालून आधी निम्माच आटा फिरवून थांबायचं.

आम्ही सव्वा तास थांबलो. आईनं घरूनच कापण्या आणल्या होत्या, त्या वाटण्यात वेळ गेला. तेवढ्यात आप्पांनी बोनेटमध्ये हात घातला. आप्पांनी जन्मात गाडी चालवलेली नाही. त्यांची सगळी हयात भोगावती काठच्या उसात आणि नदीवरच्या मोटरीत गेली. त्यांनी वरचा पाइप दाबला, सोडला, परत दाबला.

“ह्यो पायीप रिकामा हाय गं. आत पाणी न्हाईच. तुझ्या गाडीनं हवा धरलीय.”

नदीवरच्या मोटरीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. मोटर सुरू आहे, आवाज करते आहे, पण पाइपात हवा अडकली असेल तर एक थेंब पाणी उचलत नाही. मग मोटर बंद करून, पाइपात पाणी ओतून, हवा काढून परत चालू करायची. आप्पांच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला होता. मला मात्र ते गावरान निदान वाटलं आणि मी ते कानाआड केलं. या चुकीची किंमत एक आठवडा.

पाणी घालून, उतारावरून हळूहळू, मध्ये दोनदा थांबत संध्याकाळी घरी पोचलो. देवदर्शन राहिलंच.

सोमवारी दुसऱ्या गॅरेजात दाखवलं. मालकानं बोनेट उघडलं, वाफेची गोष्ट ऐकली आणि माझ्याकडं न बघता आप्पांना सांगितलं, “हेड गॅस्केट गेलंय. अठरा हजार. हेड वाकलं असंल तर फेसिंगचं वेगळं. चार-पाच दिवस लागतील.” गॅस्केट म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधली सील, आणि फेसिंग म्हणजे वाकलेलं हेड घासून सपाट करणं. ऑइल बघितलं नाही, काही मोजलं नाही. मी विचारलं, खात्री कशी केली? तर म्हणाला, “मॅडम, रोजचं काम आहे आमचं.” असेलही. पण अठरा हजार म्हणजे त्या गाडीच्या किमतीचा चांगला हिस्सा. त्या रात्री आईनं एक शब्द काढला नाही, आणि ते जास्त लागलं.

मंगळवारी मधल्या सुट्टीत विमा एजंटाला फोन केला. त्याचं उत्तर सरळ होतं: साधी पॉलिसी अपघाताला आहे, यांत्रिक बिघाडाला आणि झिजेला नाही. गाडी तापून इंजिन गेलं तर ते मालकाचं. २०१९ च्या पुरानंतर इकडं बऱ्याच जणांनी इंजिनाचं जादा कव्हर घ्यायला सुरुवात केली, पण तेही मुख्यतः पाणी शिरण्यासाठी. पॉलिसीची अपवादांची पानं मी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण वाचली.

बुधवारी, १२ तारखेला, पेपर संपल्यावर उद्यमनगर गाठलं. शिवाजी उद्यमनगरात गेलं की मला नेहमी वाटतं, इथं काहीही दुरुस्त होऊ शकतं. लेथचा आवाज, वेल्डिंगच्या ठिणग्या, रस्त्यावर पसरलेला लोखंडाचा कीस. एका बोळात रेडिएटरचंच काम करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी आधी काहीच केलं नाही, “गार होऊ दे” म्हणाले आणि चहा सांगितला. पाऊण तासानं ऑइलचं झाकण काढून त्याची आतली बाजू मला दाखवली. गॅस्केट फुटून पाणी ऑइलमध्ये गेलं असेल तर तिथं दुधाच्या सायीसारखा मळकट फेस दिसतो. नव्हता. डिपस्टिक स्वच्छ. मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंप जोडून दाब दिला आणि घड्याळ लावून बसले. दहा मिनिटं काटा हलला नाही. गाडी सुरू करून सायलेन्सरसमोर हात धरला, वास घेतला. सतत पांढरा धूर आणि त्याला गोडसर वास, म्हणजे कुलंट जळतंय. तेही नव्हतं.

“गॅस्केट शाबूत हाय ताई. पाणी भरताना हवा ऱ्हायलीय आत.”

मी आप्पांना फोन करून हे सांगितलं नाही. घरी गेल्यावर सांगितलं, मान खाली घालून.

मामांनी जे समजावलं ते असं. इंजिनात पाण्याच्या वाटा सरळ नसतात, वर-खाली, आडव्या-तिडव्या जातात. नळाच्या जोरानं भसाभस पाणी ओतलं की ते खालून वाट काढतं आणि उंचवट्यांवर हवेचे कप्पे राहतात: हेडमध्ये, थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की वाट उघडणाऱ्या झडपेच्या) मागं, हीटरच्या पाइपात. रेडिएटर वरून भरलेला दिसतो, पण इंजिन अर्धं कोरडं. वॉटर पंपाला हवा ढकलता येत नाही, त्याची पाती फेसात नुसती गरगरतात. थर्मोस्टॅट उघडायला त्याला गरम पाणी लागावं लागतं. त्याच्याजवळ हवा असेल तर तो उशिरा उघडतो किंवा उघडतच नाही. फॅनचा सेन्सर हवेत लटकत असेल तर फॅनही वेळेवर लागत नाही. म्हणजे सगळे भाग चांगले, आणि तरीही गाडी उकळते.

“करून द्या मग,” मी म्हणाले. मामांकडं कामाची रांग होती. “रंगपंचमी झाल्यावर या. न्हाईतर घरीच करा की. अवघड कायबी न्हाई, फक्त घाई करायची न्हाई.” दाब तपासल्याचे ३०० रुपये घेतले आणि बिलाच्या पाठीमागं सामानाची यादी लिहून दिली.

यादीतल्या सामानाचं थोडं सांगते, कारण दुकानात उभं राहिलं की गोंधळ होतो. कुलंट दोन प्रकारांत मिळतं: तयार मिसळलेलं आणि घट्ट. मी घट्ट घेतलं, दोन लिटर, ७८० रुपये. कारण असं की आतून धुतल्यावर लिटरभर साधं पाणी इंजिनात राहतंच, ते पूर्ण निघत नाही. त्यावर तयार मिश्रण ओतलं तर ते आणखी पातळ होतं. माझ्या गाडीच्या पुस्तकात एकूण क्षमता चार लिटरच्या आसपास दिली आहे. निम्मं, म्हणजे दोन लिटर घट्ट कुलंट आधी घालायचं आणि मग तोंडापर्यंत डिस्टिल्ड वॉटर. रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हे कंपनीचे रंग आहेत, प्रकार डब्यावर वाचायचा आणि गाडीच्या पुस्तकाशी ताडायचा. वेगवेगळे प्रकार एकत्र झाले तर कधी कधी आत चिकट साका होतो. कोल्हापुरात बर्फ पडत नाही, मग कुलंट कशाला, हा प्रश्न मीही विचारला होता. ते गंज रोखतं आणि उकळण्याची पातळी वर नेतं, आपल्याला ते त्यासाठीच हवं. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, बंबात जसा थर धरतो तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत धरतो.

डिस्टिल्ड वॉटरचे पाच लिटरचे दोन कॅन २०० रुपये. रेडिएटरचं नवं झाकण १९०, कारण जुन्याचं रबर टणक झालं होतं आणि झाकण दाब धरेना की बाकी सगळं व्यर्थ. त्यावर ०.९ लिहिलेलं असतं, तो बारमधला दाब, जुन्यावर जो आकडा असेल तोच घ्यायचा. पाइपांच्या क्लिपा चार, १०० रुपये. थर्मोस्टॅट आणि त्याची रबरी रिंग ५२०. तो दुकानात नव्हता. “उद्या मागवतो,” दुकानदार म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी होळी, तिसऱ्या दिवशी धुळवड. मिळाला शनिवारी सकाळी अकराला.

मधल्या वेळात मी जुना थर्मोस्टॅट तपासला. दोन बोल्ट काढले की तो हातात येतो, पितळी भोवऱ्यासारखा दिसतो. कडेला ८२ कोरलेलं होतं, म्हणजे ८२ अंशांना उघडायला लागतो. दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात लोंबकळत ठेवला आणि गॅस लावला. “त्यात दूध तापवते मी!” आई म्हणाली. (पातेलं नंतर बाद झालं, गाडीच्या खर्चात तेही धरा.) पाण्याला बुडबुडे येऊ लागले तसा भोवऱ्याच्या पोटातला गोल पडदा हळूच, गोगलगायीसारखा, बाहेर सरकला. आप्पा चष्मा लावून बघत होते. “फूटव्हॉलच की ह्यो,” म्हणाले, म्हणजे मोटरीच्या पाइपाच्या बुडाची झडप. उघडला, पण पाणी निवल्यावर पुरता मिटेना. तेव्हा नवा घालायचं नक्की झालं.

शनिवार, १५ मार्च. गाडी रात्रभर उभी, इंजिन गार. रेडिएटरच्या खालचा प्लॅस्टिकचा नळ फिरेना, जोर केला असता तर तुटला असता, म्हणून खालचा पाइपच सोडला. घमेलं आधी ठेवा, पाणी एकदम येतं. चहाच्या रंगाचं पाणी आलं. ते गटारात ओतायचं नाही. कुलंट विषारी असतं आणि चवीला गोड, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. मी कॅनमध्ये भरून, वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आणि नंतर मामांकडं दिलं. थर्मोस्टॅट काढलेला असतानाच साध्या पाण्यानं तीनदा धुतलं, तिसऱ्यांदा पाणी जवळजवळ स्वच्छ आलं. चौथ्यांदा डिस्टिल्ड वॉटरनं.

मग नवा थर्मोस्टॅट बसवला, पाइप जोडले, कुलंट ओतलं, पाणी ओतलं. एकूण अडीच लिटर गेलं आणि तोंडाशी आलं. मी खूश. झाकण लावलं, गाडी सुरू केली. वीस मिनिटांत काटा पाऊण भागावर आणि फॅनचा पत्ता नाही. बंद केली. डॅशबोर्डमागून तेच घटाघटा. तिथंच पायरीवर बसले आणि मला खरंच रडू आलं. पाठ, गुडघे, काळी झालेली नखं आणि परत तिथंच.

पुस्तक म्हणतं चार लिटर, गेलं अडीच. इंजिनात उरलेलं लिटरभर धरलं तरी अर्धा लिटर कुठं आहे? तिथं हवा आहे. हा हिशेब गाडी सुरू करायच्या आधी करायचा असतो.

संध्याकाळी मामांना फोन केला. त्यांनी तीन प्रश्न विचारले. गाडी कशी उभी होती? आमच्या दारातला रस्ता उताराचा आहे, गाडीचं तोंड खाली होतं. म्हणजे हवेनं मागं, हीटरकडं पळून जावं अशीच व्यवस्था मी केली होती. हीटर कुठं होता? बंद. आमच्या गाडीत हीटर बंद असला की त्याच्या पाइपातली वाटच बंद होते, तिथली हवा निघणार कुठून? आणि तिसरा प्रश्न:

“थर्मोस्टॅटला बारकी पिन असती बघा, हलणारी. ती वर हाय का खाली?”

मला पिन आठवत होती. सामान सैल आहे की काय म्हणून मी ती हलवूनही बघितली होती. थर्मोस्टॅट बंद असताना हवा निघून जावी म्हणून ठेवलेलं ते भोक आहे, आणि हवा वर जाते, म्हणून पिन वर हवी. मी ती खाली बसवली होती.

“उद्या परत करा. आजचं पाणी वाया न्हाई, गाळून घ्या.”

रविवारी सकाळी सहाला उठले. शेजारचा अकरावीतला मुलगा मदतीला आला, गाडी वळवून तोंड चढाच्या बाजूला केलं. हँडब्रेक, आणि मागच्या दोन्ही चाकांना धोंडे. तेवढ्यावरही विश्वास नको, गाडीखाली जायचंच नाही. आता रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच झालं. कालचं पाणी काढून गाळून घेतलं, थर्मोस्टॅट काढून पिन वर करून बसवला. चावी ऑन करून हीटर पूर्ण गरमवर.

काही गाड्यांत हवा काढायला वेगळा स्क्रू असतो, पुस्तकात बघा. आमच्यात नाही. म्हणून मामांच्या सांगण्यावरून इंजिनाच्या मागं हीटरकडं जाणाऱ्या वरच्या पाइपाची क्लिप सैल केली आणि पाइप तोटीवरून जरासा ओढून ठेवला. एक लिटरची बाटली कापून नरसाळं केलं, त्याच्या बुडाला फडकं गुंडाळून ते रेडिएटरच्या तोंडात घट्ट बसवलं, म्हणजे पाण्याची पातळी तोंडाच्याही वर राहते. मग ओतायला सुरुवात. ओतायला म्हणजे, निरांजनात तेल घालतात तसं. पाव लिटर, थांबा. वरचा पाइप दाबा, सोडा. खालचा दाबा, सोडा. प्रत्येक दाबाला नरसाळ्यात एक मोठा बुडबुडा यायचा, ‘बुळ्ळुक’ असा आवाज करून फुटायचा आणि पातळी बोटभर खाली जायची. आप्पा खुर्ची टाकून बसले होते, ते बुडबुडे मोजत होते. मागच्या सैल पाइपातून आधी फुसफुस झाली, मग फेस, मग एकसंध धार. धार आल्यावर तो पाइप आत सरकवला, क्लिप आवळली. या वेळी सव्वातीन लिटर गेलं होतं.

झाकण न लावता, नरसाळं तसंच ठेवून गाडी सुरू केली. हे करताना ओढणी, केस, हात पट्ट्यापासून आणि फॅनपासून लांब. फॅन कधीही लागतो, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही. बारीक बुडबुडे येत राहिले. बारा-तेरा मिनिटांनी नरसाळ्यातलं पाणी एकदम खाली गेलं, जणू कुणी खालून ओढलं, आणि वरचा पाइप हाताला चटकायला लागला. थर्मोस्टॅट उघडला होता. पाणी घालून पातळी सांभाळली. हीटरच्या भोकापाशी हात नेला तर कढत वारा. इतका आनंद मला कुठल्याच गरम वाऱ्याचा कधी झाला नव्हता. थोड्या वेळानं फॅन आपोआप लागला, बंद झाला, परत लागला. दोन वेळा फॅन फिरून बंद होईपर्यंत थांबायचं, असं मामांनी बजावलं होतं. मधून मधून शेजारचा मुलगा ॲक्सिलरेटर जरासा दाबून धरायचा, तेव्हा दोन-चार चुकार बुडबुडे निघायचे. शेवटी येणं थांबलं. तासभर झाला तरी बुडबुडे येतच राहिले असते तर मात्र गॅस्केटचा संशय परत घ्यावा लागला असता, तेव्हा थांबून मिस्त्रीलाच दाखवायचं.

इंजिन बंद, थोडं निवल्यावर नरसाळं काढून नवं झाकण लावलं, बाजूच्या जादा पाण्याच्या बाटलीत ‘फुल’च्या खुणेपर्यंत भरलं. खूण पुसट झाली होती, म्हणून त्यावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली.

काम तिथं संपत नाही. इंजिन तापताना राहिलेली हवा बाहेर येते आणि निवताना तेवढं पाणी बाटलीतून आत ओढलं जातं. सोमवारी सकाळी पातळी दोन बोटं खाली होती, भरली. मंगळवारी अर्धं बोट. बुधवारी, रंगपंचमीला, खुणेवर. पहिली फेरी रंकाळ्याभोवती, मग वाघबिळापर्यंत, मग ३० मार्चला पाडव्याची गुढी उतरवून संध्याकाळी जोतिबाला. त्या चढावर मी रस्त्यापेक्षा काटाच जास्त बघत होते, आणि आप्पांनी मागून तसं सांगितलंही. काटा मध्याच्या जरा खाली राहिला. एकूण खर्च २,०९० रुपये, पहिल्या गॅरेजचे ३,२०० सोडून. आणि पातेलं.

उरलं आरसीचं. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो, तो एप्रिलमध्ये परिवहनच्या पोर्टलवर केला. फॉर्म २५, विमा, पीयूसी, चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं घासून घेतलेला ठसा. फी तेव्हा ५,००० रुपये होती, पर्यावरण कर वेगळा. ठसा घेण्याची जागा गाडी धुऊन, तेल लावून आधीच पुसून ठेवा. आम्ही तिथं उन्हात पाऊण तास नंबर शोधत होतो. तपासणीच्या दिवशी अडीच तास रांग. साहेबांनी दिवे बघितले, हॉर्न वाजवायला लावला, बोनेट उघडून चासी नंबर ताडला आणि बाटलीवरच्या रेघेवर बोट ठेवलं.

“हे काय?”

“नेलपॉलिश. पाण्याची खूण.”

“बरं,” म्हणाले, आणि बोनेट लावून पुढच्या गाडीकडं गेले.

आरसीवर आता मे २०३० ची तारीख आहे. आई अजूनही विकायचीच म्हणते.